नंबरात न बसणारं दुखणं

४ मार्च

वर मायना काय लिहावा ते सुचलं नाही, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. तुला हवं ते भर.

तुझं पत्र मिळालं. वाचलं. इकडे सगळं ठीक आहे. तुझे बाबा ठीक, दुकान ठीक, मीही ठीक. तू विचारलं आहेस त्याचं उत्तर म्हणशील तर एवढंच, की कुणावाचून काही अडलेलं नाही. तू तुझं बघ.

लोक विचारतात, चष्मेवाले कुठे गेले? मी सांगते, मोठ्या शहरात गेलेत, काचेच्या कारखान्यात नवीन काम शिकायला, दोन महिन्यांसाठी. दोन महिने होऊन गेले, पण गिऱ्हाईक काही कॅलेंडर घेऊन बसलेलं नसतं. फक्त शेजारची शिवणकामवाली ऐकत नाही. परवा म्हणाली, "बायकोच्या मेंदूला झटका येतो, ती नुकती कुठे उठून बसते आणि नवरा काम शिकायला जातो! असलं कसलं गं ते शिक्षण?" मी म्हटलं, तू तुझे टाके घाल.

तब्येतीचं म्हणशील तर चालते, फिरते, बोलते. बोलते तर जरुरीपेक्षा जास्तच. उजवीकडचं अर्धं जग गेलं ते मात्र गेलंच. मोठे डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले, डोळे शाबूत आहेत, पण डोक्यात मागच्या बाजूला जो भाग बघायचं काम करतो त्याला रक्त पोचलं नाही. कुणाच्या तोंडाकडे पाहिलं की अर्धाच चेहरा दिसतो. मान जराशी फिरवली की उरलेला मिळतो. बाबांच्या बाबतीत तेवढेही कष्ट घेत नाही, कारण ते दोन्हीकडून सारखेच वैतागलेले असतात. उजव्या खांद्याला दाराच्या चौकटी लागतात. निळे डाग पडतात आणि पिवळे होऊन जातात.

बाबा सकाळी चहाबरोबर पेपर मोठ्यानं वाचतात. हे नवीनच खूळ. म्हणतात, आवाज बसायला नको. मी ऐकते.

कळावे. लोभाचं तुझं तू ठरव.

दुकानातली

२१ एप्रिल

तुझं पार्सल आलं. बाबांनी खोका उघडला, चष्मा दिव्याच्या उजेडात धरला, काच फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "पोराचा हात सुधारला." एका बाजूला बाटलीच्या बुडाएवढी जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, गेलेली बाजू डावीकडे ओढून दाखवायला म्हणे. मी घातला. समोरची भिंत एक पाऊल सरकली. चहा ओतायला गेले तर तो कपाच्या शेजारी ओतला गेला. दिवसभर घातला, डोकं भणभणलं, संध्याकाळी काढून ठेवला. सोबतचं पत्रही मिळालं. सावकाश वाचीन.

आणि मग मला राग आला. इतका, की मी दुकान लवकर बंद केलं आणि आता हे लिहायला बसले आहे. अरे, हा चौथा! तुला आठवत नसेल असं नाही. पण सगळं ओळीनं मांडून तू मला कधी बोलू दिलं नाहीस, आणि मांडल्याशिवाय माझ्या पोटातलं जात नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. दुकान नवीन होतं. मूल एवढ्यात नको, आधी दुकान उभं राहू दे, हे आपण दोघांनी ठरवलं. त्यात मी तुला बोल लावत नाही. गोळी घ्यायची हेही मीच म्हणाले. पाकीट गल्ल्याखालच्या खणात असायचं, नाकाच्या गाद्या आणि बारके स्क्रू यांच्या शेजारी. दुकानाला कुलूप लावायच्या आधी एक गोळी. तू म्हणायचास, "भिंगरी, स्क्रू गिळशील एक दिवस."

पहिले काही महिने सकाळी मळमळायचं. अंगानं भरले. जिनं मूल होऊ नये म्हणून गोळी घ्यावी, तिलाच सगळी आळी विचारत होती, गोड बातमी आहे का? आपण किती हसलो होतो. मग दोन्ही गालांवर तपकिरी डाग उठले. तू काय केलंस? मोठी चौकट बसवून दिलीस, डाग झाकले जावेत म्हणून. तो पहिला चष्मा. मला छानच दिसत होता, खोटं कशाला बोलू?

मग मला कारण नसताना रडू यायला लागलं. एका म्हाताऱ्याच्या चष्म्याचा स्क्रू सापडेना म्हणून मी गिऱ्हाइकांसमोर रडले. तू म्हणालास, डोळ्यांवर ताण येतोय. मग डोकं दुखायला लागलं. अर्धंच, पण असं की उजेड नको वाटायचा. तू नंबर काढलास, पाव नंबरानं बदलला होता. दुसरा चष्मा. मग डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे ती रेघ यायला लागली. नागमोडी, चमचमणारी, कडेनं सरकत मोठी होत जाणारी. मी तुला नीट सांगितलं होतं की फुटलेल्या काचेच्या कडेवर ऊन पडावं तसं दिसतं. माझीच चूक, काचेची उपमा दिली. तू लगेच म्हणालास, काचेची कड चमकते आहे. तिसरा चष्मा. कड घासून काळी केलेली.

एकदा तू मागच्या खोलीत चाकावर काच घासत होतास. मी येऊन म्हटलं, "अरे, ती रेघ मला डोळे मिटले तरी दिसते." तू चाक न थांबवता म्हणालास, "मिटलेल्या डोळ्यांना चष्मा लागत नाही, भिंगरे." मी हसले. विनोद चांगला होता. पण डोळे मिटल्यावरही जे दिसतं ते काचेत नसतं, हे तुझ्यासारख्या माणसाला कळायला हवं होतं. दुकानात बसणाऱ्या मलाही कळायला हवं होतं. आपल्या घरात तिघं माणसं आणि तिघांनाही सगळ्या जगाचं दुखणं नाकावर बसवता येतं असंच वाटायचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आता ते डॉक्टरीणबाईंकडचं. गोळ्या पुढे चालू ठेवायच्या का, ते विचारायला आपण गेलो होतो. बाईंनी रक्तदाब पाहिला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "डोकं दुखतं का? दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं का?" मी तोंड उघडलं. तू म्हणालास, "ते आमच्याकडे आहे, मॅडम. नंबर बदललाय, मी बघतोय." बाई हसल्या. म्हणाल्या, "बरंय, तज्ज्ञ घरातच आहे," आणि पुढच्या गोळ्या लिहून दिल्या. मी तोंड उघडलं होतं हे तू पाहिलं नाहीस, कारण तू बाईंच्या चष्म्याच्या वाकड्या काडीकडे बघत होतास. निघताना ती सरळही करून दिलीस.

पुढचं तुला माहीत आहे. मी चौकटी मांडत होते आणि मांडणीची उजवी बाजू नाहीशी झाली. मी हात घालून चाचपत होते, चौकटी खाली पडत होत्या, मला आवाज येत होता आणि दिसत काही नव्हतं. मग डोक्यात घण बसला.

इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, आणि त्या डोकेदुखीबद्दल, त्या रेघेबद्दल विचारलं. मग ते म्हणाले, ज्या बाईला अशी रेघ दिसून डोकं दुखतं तिला ही गोळी देत नाहीत, रक्ताची गुठळी होऊन असं होण्याचा धोका वाढतो, तिच्यासाठी दुसरे उपाय असतात. गोळी वाईट नाही रे. ही शेजारची शिवणकामवाली तीच गोळी कितीतरी वर्षं घेते आहे आणि ठणठणीत आहे. मला मात्र ती नको होती. कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं. आणि विचारलं होतं.

डॉक्टर बोलत होते तेव्हा तू माझ्या खाटेच्या डाव्या बाजूला उभा होतास, म्हणून मला दिसलास. तू तुझा चष्मा काढलास आणि खिशात ठेवलास. चष्म्याशिवाय तुला हातभर लांबचं दिसत नाही. म्हणजे तुला मी दिसायला नको होते. त्यानंतर तू निघून जाईपर्यंत घरात माझ्यासमोर चष्मा घालून बसला नाहीस. तुला वाटलं मला कळलं नाही. अर्धं दिसत असलं तरी एवढं दिसतं मला.

तर हे असं आहे. चौथा चष्मा कपाटात ठेवला आहे. पाचवा पाठवू नकोस.

दुकानातली

१० जून

काल तुझा फोन आला. एरवी फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून काल सरळ बोललास तेव्हा मी गोंधळले. काय बोलणं झालं ते लिहून काढते, म्हणजे तुला माझी बाजू कळेल.

तू म्हणालास, "दोन्ही पत्रं वाचलीस ना?"

मी म्हटलं, "वाचली."

"मग तू लिहिलं आहेस तेच तुझं उत्तर?"

"हो. तेच."

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना?"

तू मग म्हणालास, "बरं. इथे कायमची नोकरी देतायत. एक तारखेला सही करतो. बाबांना मी सांगेन." आणि फोन ठेवलास.

मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले. कसलं उत्तर, ते मला माहीत नव्हतं.

मला वाचता येत नाही. लिहिता येतं, वाचता येत नाही. हे लिहिते आहे आणि ओळ संपली की माझंच अक्षर मला परकं. मागे जाऊन काय लिहिलं ते बघता येत नाही, तेव्हा एखादी गोष्ट दोनदा आली तर हसू नकोस. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर औषधाच्या बाटलीवरचा कागद पाहिला तेव्हाच कळलं. अक्षरं दिसत होती, काळी, स्वच्छ, पण ती कुठल्यातरी भलत्याच मुलखातली. डॉक्टरांनी विचारलं, नाव लिहिता येतं का? मी झरझर नाव लिहिलं, पत्ता लिहिला. जिला लिहिता येतं तिला वाचता येतंच, असं सगळ्यांनी धरलं. मी बोलले नाही. तू आधीच चष्मा खिशात ठेवून बसला होतास, त्यात आणखी हे कुठे सांगू?

आणि घरी आल्यावर तू माझी तपासणी केलीस, आठवतं? दुकानातल्या खुर्चीत बसवलंस आणि भिंतीवरचा आपला तक्ता वाचायला लावलास. मी वरपासून खालच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. तुझा चेहरा किती दिवसांनी उजळला. अरे, तो तक्ता मी रोज वीस माणसांच्या तोंडून ऐकत आले आहे! झोपेतून उठवलंस तरी म्हणेन, उलटाही म्हणेन. तुझ्या जागी दुसरा कुणीही असता तर त्यानं माझ्या हातात पेपर दिला असता. पण चष्मेवाला माणूस तक्त्यापलीकडे जाईल कसा?

दुकानात मी निभावते. गिऱ्हाइकाची चिठ्ठी आली की म्हणते, "तुम्हीच वाचून दाखवा, मी लिहून घेते, चूक नको." लोकांना वाटतं बाई फार काटेकोर आहे.

फोननंतर मात्र मी तडक जिना चढले. बाबा वरच्या खोलीत होते. जाऊन सांगितलं, "बाबा, मला वाचता येत नाही."

ते म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पूर्वी पेपर हातात घेतलास की तू निम्म्या लोकांना शिव्या घालायचीस. घरी आल्यापासून पेपर धरून नुसती गप्प बसायला लागलीस. एवढा पेपर काही सुधारला नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस, सूनबाई."

म्हणून ते सकाळचं मोठ्यानं वाचन. आवाज बसायला नको म्हणे! मी तिथेच खाली बसून रडले. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आण ती पत्रं. वाचून दाखवतो."

मी नको म्हटलं. नवऱ्याचं पत्र सासऱ्याच्या तोंडून ऐकायचं? तू त्यात काय लिहिलं असशील देव जाणे. ते म्हणाले, "तेही खरंच. त्याचं अक्षर तसंही मला लागत नाही. त्याला फोन लावू?" मी तेही नको म्हटलं. आधी मला कळू दे मी कशाला हो म्हणाले ते. म्हणून हे पत्र अर्धवट ठेवते. पूर्ण झाल्यावर टाकेन.

१४ जून

इस्पितळात जाऊन आले. बाबा बरोबर होते. झटका आलेल्या लोकांना पुन्हा बोलायला, लिहायला शिकवणारी एक बाई तिथे आहे. तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, डोळ्याचा निरोप तुमच्या वाचायच्या जागी पोचत नाही, वाटेतच तुटतो. हाताचा पोचतो का बघू. तिनं एक शब्द लिहिला. मी पाहिला, नेहमीसारखंच काही नाही. मग तिनं माझं बोट धरून अक्षराच्या वळणावरून फिरवलं. आणि मला आलं! डोळ्यांना नाही, बोटाला. "पाणी". मी इतक्या जोरात "पाणी" म्हणाले की मदतनीस भांडं घेऊन आली.

बाई म्हणाली, असं वाचायला फार वेळ लागेल, आणि पूर्वीसारखं कधी होईल असं मी सांगत नाही.

घरी येऊन तुझं पहिलं पत्र काढलं. तू दाबून लिहितोस, कागदाला मागून चरे पडतात, म्हणून मी तुला किती बोलले होते. ते शब्द मागे घेते. शिवाय तू आळशी, अक्षरांवर रेघ देत नाहीस. त्यानं माझं काम सोपं झालं, रेघेवर बोट घसरून भलतीकडे जात नाही. पहिला शब्द लागायला चहा गार झाला. "भिंगरी" लिहिलं आहेस.

पुढचं वाचायला मन होईना. म्हणून आज तेवढंच.

२२ जून

तुझं पत्र वाचून झालं. सव्वा पान. रोज दुकान बंद झाल्यावर बसत होते. बाबांनी त्या वेळात एकदाही हाक मारली नाही. एकेक शब्द बोटानं काढायचा, तो विसरू नये म्हणून तोंडानं म्हणायचा आणि मग पुढच्यावर जायचं. पूर्वी मी पत्र एका घोटात प्यायचे. हे वाळूतून एकेक दाणा वेचल्यासारखं वाचलं. मला ते आता पाठ आहे, तक्त्यासारखं.

तू लिहिलंस: "भिंगरी, डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं. उठता बसता तेच ऐकू येतं. मी काम शिकायला आलो नाही. तुझ्यासमोर उभं राहवेना म्हणून आलो. मी परत यावं असं तुला वाटतं का? वाटत असेल तर 'ये' एवढंच लिही. दुसरं काहीही लिहिलंस तरी मी समजून घेईन."

आणि मी काय लिहिलं? कुणावाचून काही अडलेलं नाही, तू तुझं बघ. मग वर आणखी चार पानं तुझ्या चुका लिहून पाठवल्या. आणि फोनवर म्हटलं, हो, तेच माझं उत्तर. तू काय समजला असशील ते मला आता कळलं. मी टेबलावर डोकं ठेवून बसले होते. बाबांनी येऊन दिवा लावला आणि गेले.

पण एक खरं सांगते, आणि ते तुला आवडणार नाही. मार्चमध्ये मला वाचता आलं असतं, तर मी तुला "येऊ नकोस" असंच लिहिलं असतं. अगदी स्वच्छ अक्षरात. तेव्हा मला तुझं तोंड बघायचं नव्हतं. अर्धंसुद्धा नाही. मला वाटायचं, हा माणूस माझं अर्धं जग घेऊन गेला आणि वर स्वतःच रुसून बसला आहे, त्याला मी समजूत घालायला बोलवू? नाही वाचता आलं तेच बरं झालं म्हणायचं की नाही, मला ठरवता येत नाही.

माफ केलं असं लिहीत नाही, कारण केलेलं नाही. कधी सकाळी वाटतं, करून झालं, आणि मग दाराची चौकट लागते. पण मला असं दिसतं की तू लांब असलास म्हणून राग कमी होत नाही, उलट मुरतो. तो तू समोर असताना काढायचा आहे. थोडा थोडा, जमेल तसा. त्याला किती दिवस लागतील ते विचारू नकोस.

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक नाही. मी मोठ्या डॉक्टरांकडे एकटीच गेले होते, मे महिन्यात. विचारलं, मला मूल होऊ शकेल का? ते म्हणाले, एवढ्यात तर नाहीच, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. पुढे बघू, पण पुढेही धोका असेल, आणि तो घ्यावा असं मी आजतरी सांगणार नाही. त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं. परत येताना बसमध्ये समोर एका बाईच्या मांडीवर बाळ होतं. मला त्याचं अर्धंच तोंड दिसत होतं आणि मी मान फिरवली नाही. घरी येऊन दुकान उघडलं. दुकान उभं राहू दे, म्हणालो होतो ना आपण? दुकान उभं आहे रे. चांगलं चाललं आहे. मी ते कुणाला सांगू? बाबांना सांगता येत नाही, शिवणकामवालीला सांगून चालत नाही. हे दुःख या जगात फक्त दोघांचं आहे, आणि त्यातला एक तू आहेस. म्हणून तू हवा आहेस. दुसरं मोठं कारण माझ्याजवळ नाही.

फोन करता आला असता. पण तू लिही म्हणाला होतास, आणि फोनवर तू हं म्हणशील, मग त्या हंचा अर्थ लावायला मला आणखी एक बाई शोधावी लागेल. बाबा जोडे घालून उभे आहेत. एक तारखेच्या आत पोचलं पाहिजे म्हणून ते स्वतः डाकघरात जाणार आहेत, माझा कुणावर भरवसा नाही आणि त्यांचा त्याहून नाही. तुझं दुसरं पत्र अजून उघडलेलं नाही. एक पुरलं.

तर लिहिते.

ये.

सही करू नकोस. सोबत चष्मा आणू नकोस. तुझा तुझ्या नाकावर असू दे, बोलताना काढायचा नाही.

आणि बसमधून उतरलास की सरळ दुकानाकडे येऊ नकोस. तो रस्ता माझ्या उजवीकडून येतो. तिकडून आलास तर अगदी समोर उभा राहीपर्यंत मला दिसणार नाहीस, मी दचकेन, आणि माझा दचकलेला चेहरा बघून तू उलट्या पावली परत जाशील. तुला मी ओळखते. मागच्या गल्लीतून वळसा घाल आणि शिवणकामवालीच्या बाजूनं ये. ती काही बोलेल, ऐकून घे. जरा लांब पडेल, पण तिकडून आलास की कोपऱ्यापासून सबंध रस्ता मला दिसतो. मला तू लांबून चालत येताना दिसायला हवा आहेस.

भिंगरी